उतारावर हरवलेले नऊ इंच

संपादकबाईंचा फोन तिसऱ्यांदा आला तेव्हा मी हो म्हणालो. आधी दोनदा नाही म्हटलं होतं, कारण दिवाळी अंकात शिकलेली माणसं लिहितात, आणि मी चौथी पास. पाचवीत मास्तरांशी भांडून घरी आलो तो आलोच. बाई म्हणाल्या, "मेस्त्री, बोलता तसंच लिहा." मग नातीला म्हटलं, मी सांगतो, तू लिही. ती इथं चेन्नईतच वाढलेली. मराठी छान बोलते, पण दोन ओळी लिहून झाल्या की पेन खाली ठेवून विचारते, "आजोबा, अजून किती आहे?" शेवटी वही माझ्याकडंच घेतली. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी बघावं. मजकुराला मात्र हात लावायचा नाही, ही माझी अट.

माझं काम लोखंडी सांगाडे उभे करायचं. शेड, गोदामं, टाक्यांचे मनोरे, जिने. सांगलीकडून मी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला आलो तो एका कारखान्याची शेड उभी करायला, दोन महिन्यांसाठी. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. श्रीपेरुंबुदूरला कंपनीच्या बसमधून रोज जाणारी आपली मराठी पोरं ज्या छपरांखाली काम करतात, त्यांतली काही छपरं माझी आहेत. त्यांना ठाऊक नाही. छपराकडं कोण बघतं? गळायला लागलं तर बघतात. माझं एकही गळलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं घर म्हणजे भिंती. लोखंडी घरात भिंती शेवटी येतात. आधी खांब, खांबांना धरून आडवे बीम, आणि सगळं नट-बोल्टानं आवळलेलं. कापायचं, भोकं पाडायची, ते सगळं आपल्या यार्डात. जागेवर न्यायचं आणि फक्त जोडायचं. खांबाच्या तळाला जाड प्लेट असते. जमिनीत काँक्रीटचा ठोकळा, त्यातून चार बोल्ट वर आलेले. ती प्लेट त्या चार बोल्टांत बसली पाहिजे. म्हणजे जमिनीतलं काम सिमेंटवाल्याचं, जमिनीवरचं आमचं, आणि दोघांची गाठ पडते ती त्या बोल्टांवर. भांडणंही तिथंच होतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची बघितली. एकानं पोकळ खांब बंद करायच्या आधी आत लिंबू-मिरची टाकायला लावली. टाकली. माझं काय जातंय? वेलाचेरीच्या एका साहेबांना घरात गोल जिना पाहिजे होता. मी म्हटलं, "साहेब, वर कपाट कसं नेणार?" ते म्हणाले, "कपाटाचं मी बघतो. तुम्ही जिना बघा." जिना केला. कपाट अजून खालीच आहे. पण ते "तुम्ही जिना बघा" मला फार लागलं होतं. आणि एवढं लागूनही पुढं तसलंच वाक्य मी स्वतः एका माणसाला ऐकवलं. त्याचीच ही गोष्ट.

दोन हजार चार-पाच साल असेल. सुंदरराव म्हणून एक गृहस्थ यार्डात आले. बँकेतून रिटायर झालेले, राहायला मैलापूरला. तंजावरकडचे मराठी, तीनशे वर्षांपासून इकडचे. मी मराठी आहे असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"मेस्त्री, आमची मराठी ऐकून हसूं नका," ते म्हणाले. "घरांत बोलतों, म्हणून राहिली आहे."

मी हसलो नाही. माझ्या आजीचं बोलणं असंच होतं, फक्त तिच्यात तमिळ नव्हतं.

त्यांची जमीन पल्लावरमच्या टेकडीच्या उतारावर होती. स्वस्तात घेतलेली, आणि त्यावर घर होत नाही म्हणून तशीच पडलेली. दहा फूट खाली गेलं की तीन फूट उतरायचं. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला दगड आणि बाभळी, समोर विमानं उतरताना दिसायची. मेहुणे त्यांना हसायचे, शेळ्या पाळा म्हणायचे. मी म्हटलं, "विटांचं घर बांधायचं तर टेकडी कापावी लागेल. लोखंडाचं बांधू. टेकडी आहे तिथं राहू दे, खांब लहान-मोठे करू. वर आखूड, खाली लांब. जमीन कशी का असेना, घर सपाट."

"एकदम सपाट?"

"गोटी ठेवली तर हलणार नाही."

त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. तेव्हा मला कळलं की घर कशासाठी पाहिजे होतं.

कमलाबाईंना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला. डोकं लख्ख, जीभ त्याहून लख्ख, पाय मात्र गेले. चाकाची खुर्ची आली. मैलापूरचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरायचं म्हणजे तळमजल्यावरच्या कॉफीपूडवाल्याला आणि त्याच्या भावाला बोलवायचं, त्यांनी खुर्चीसकट उचलायचं. मग बाईंनी उतरणंच सोडून दिलं. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तर म्हणाल्या, "मेस्त्री, मज लोकांनी उचलायचं तें एकदांच, वेळ येईल तेव्हां. रोज रोज नको. रस्त्यावरून नीट घरांत आणि घरांतून नीट रस्त्यावर. होईल कां?"

मी म्हटलं, "होईल." कामाला मी कधी नाही म्हणालेलो नाही.

नकाशा एका इंजिनियर बाईंनी काढला. वरच्या रस्त्यापासून दारापर्यंत आठ फुटांचा लोखंडी पूल, एकही पायरी नाही. उताराच्या दिशेनं पंधरा-पंधरा फुटांचे दोन गाळे. खांबांच्या तीन ओळी, ओळीत चार खांब. वरच्या गाळ्यात बसायची खोली, खालच्या गाळ्यात कमलाबाईंची खोली, न्हाणी आणि त्यांच्या पुढचा बोळ. त्या बोळात खुर्ची वळायची होती. म्हणून मी यार्डातल्या फरशीवर तो खालचा गाळा पुरा मापानं खडूनं आखला, भिंतींच्या जागी लोखंडी अँगल मांडले, आणि कमलाबाईंना गाडीतून बोलावलं. त्यांनी स्वतः खुर्ची फिरवली. पहिल्या आखणीत कोपर अँगलला घासलं. इंजिनियर बाईंनी खोल्या इकडं-तिकडं सरकवून बोळ वाढवला. दुसऱ्यांदा खुर्ची अशी फिरली की अँगल आणि हाताच्या मधे माझा अंगठा जाईल इतकीच जागा राहिली. फरशीवर टायरचा काळा गोल उमटला.

"हें पुसूं नका," बाई म्हणाल्या. "घर होईपर्यंत राहूं द्या."

सिमेंटच्या कामाला मुरुगेसन होता. टेकडीखालच्याच वस्तीतला, माझ्याच वयाचा, हाडकुळा. त्यालाही सगळे मेस्त्रीच म्हणायचे. कोणी हाक मारली की आम्ही दोघं वळून बघायचो, आणि दोघांनाही वाटायचं, आपल्यालाच. त्याचा बाप या टेकड्यांवर पायऱ्या बसवायचा. मी मनात म्हणायचो, पायऱ्या बसवणं वेगळं, कारखाने उभे करणं वेगळं.

खड्डे कुठं खणायचे ते आखून द्यायचं काम मी माझ्याकडं घेतलं. दुसऱ्यावर विश्वास नको म्हणून. आधी उंच-सखल बघितलं, पाण्याच्या नळीनं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी एका रेषेत असतंच. प्रत्येक खांब किती लांब ते त्यावरून ठरलं. बारा खांबांची बारा मापं, आणि एकात सुताचाही फरक नाही. मला माझंच कौतुक वाटलं. त्या कौतुकातच टेप काढली आणि पंधरा फूट मापायला लागलो. वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत, जमिनीवर टेप टाकून, ताणून. वीस वर्षं शेडच्या जागेवर मी असंच मापत आलो होतो.

मुरुगेसन बिडी ओढत दगडावर बसला होता. तो म्हणाला, "मेस्त्री, टेप निजवू नका. उचलून धरा. ओळंबा सोडा." हे सगळं बोलणं तमिळमध्ये, मी मराठीत लिहितोय.

मी म्हटलं, "तू सिमेंट बघ."

तो म्हणाला, "सरी." म्हणजे बरं. कोनाकोनी मापूनही बघितलं मी, चौकोन वाकडा नाही ना म्हणून. दोन्ही मापं सारखी आली. येणारच, तीही निजवूनच घेतलेली.

त्यानं माझ्या खुणांवर खणलं. खाली मुरूम आणि काळा पाषाण, पहारीचे आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचे. ठोकळे भरले, बोल्ट बसवले. मी तिकडं यार्डात बीम कापले, भोकं पाडली, दोन हात लाल रंग दिला.

मे महिन्यात खांब उभे केले. बाराच्या बारा ओळंब्यात. माथे एका रेषेत, दोरी लावून बघा. कमलाबाईंच्या घरची मंडळी बघून गेली, मेहुणे गप्प झाले. मग चेन-पुली लावून पहिला बीम चढवला, वरच्या ओळीतून मधल्या ओळीत. एक टोक बसलं. दुसरं टोक खांबाच्या पुढं सहा इंच गेलेलं.

माझी माणसं वर खांबावर, मी खाली. सगळे थांबले.

पहिलं माझ्या तोंडातून काय आलं असेल? "ऊन आहे. लोखंड वाढलंय."

मुरुगेसन म्हणाला, "सहा इंच? मग दुपारची रेल्वे तांबरमला पोचायच्या आधी रूळच पार पुढं विळुपुरमला पोचत असतील."

माणसं हसली. हसली तशी माझी सटकली. मी ओरडलो, "बोल्ट तुझे सरकलेत! काँक्रीट भरताना लक्ष नव्हतं तुझं. तुझ्या पायऱ्या नव्हेत ह्या!" आणखीही बरंच बोललो, ते छापण्यासारखं नाही.

तो पुढं झाला. माझ्याच खिशातली टेप काढून घेतली. एक टोक वरच्या ठोकळ्याच्या बोल्टावर माझ्या हातात दिलं, आणि टेप जमिनीवर निजवून मधल्या ठोकळ्यापर्यंत नेली. पंधरा फूट. सूतभर इकडं-तिकडं नाही. मग त्यानं आपल्या बाजूचं टोक उचललं, टेप आडवी होईपर्यंत, आणि खिशातून दोरीला बांधलेला दगड, म्हणजे त्याचा ओळंबा, काढून बोल्टावर सोडला. साडेचौदा. खालच्या गाळ्यात उतार जास्त. तिथं सव्वाचौदा. नऊ इंच कमी.

घर उतारावर निजून राहत नाही. घर आडवं असतं. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही. उंची सुतात बसवली आणि लांबी जमिनीवर सोडून आलो.

"सरी, मेस्त्री," एवढंच म्हणून त्यानं टेप गुंडाळून माझ्या हातात दिली आणि डबा खायला गेला.

आता खरं सांगतो, कारण लिहायला बसलोय तर खोटं कशाला. पहिला विचार आला तो बीम कापायचा. वरच्या गाळ्यातले सहा इंच कापायचे, खालच्यातले नऊ. गॅस कटरनं दोन दिवसांचं काम, नवी भोकं, वरून रंग. घर सव्वा फुटानं आखूड, कोणाच्या बापाला कळत नाही. नाहीतर मग मधल्या आणि खालच्या ओळीचे आठच्या आठ खांब उतरवा, पाषाणात आठ नवे खड्डे खणा, आणि सगळ्यांसमोर म्हणा की माझं चुकलं. ते मी आयुष्यात कधी म्हटलेलं नव्हतं. मास्तरांनाही नाही.

गॅसचं सिलिंडर आणायला त्याच दुपारी यार्डात गेलो. फरशीवर ती आखणी तशीच होती, आणि मधे टायरचा काळा गोल. मी खडू घेतला. बोळाच्या भिंतीपासून नऊ इंच आत एक रेघ मारली. रेघ त्या गोलाच्या आतून गेली. खुर्ची बोळात आत जाईल, पण वळणार नाही. जशी गेली तशी मागं मागं यावी लागेल, आणि मागं ओढायला कोणीतरी लागेल. न्हाणीतून घ्यावे म्हटलं तर न्हाणी आधीच पिळून काढलेली, खोलीत पलंग. रेघ इकडून मारली, तिकडून मारली. नऊ इंच कुठूनच निघेनात.

मी सिलिंडर तिथंच ठेवलं, पायानं ती नवी रेघ पुसली आणि बस पकडून मैलापूरला गेलो. दुसरा मजला चढलो. खालून कॉफी भाजल्याचा वास येत होता.

दोघांसमोर सांगितलं. "माझं चुकलं," म्हटलं. खर्चाचं बघतो म्हटलं, वेळ लागेल म्हटलं.

सुंदरराव भला माणूस. ते म्हणाले, "नऊ इंचच ना? असूं द्या, मेस्त्री. मी आहे, ओढीन खुर्ची."

कमलाबाई त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही बहात्तरचे. तुम्हांस कोण ओढील?" मग मला विचारलं, "किती दिवस?"

"महिना. सव्वा महिना."

"चार वर्षं जालीं. महिन्याचं काय." आणि आत हाक मारून माझ्यासाठी कॉफी सांगितली. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. त्या कॉफीपेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर गेलो. मुरुगेसन आधीच आलेला, त्याच दगडावर बिडी ओढत. मी म्हटलं, "आठ खड्डे परत खणायचे. मुरुगेसन, टेप तू धर."

"मी सिमेंट बघतो, मेस्त्री," तो म्हणाला. तोंड सरळ.

मी त्याच्या शेजारी बसलो. एक विमान गेलं, दुसरं गेलं. बिडी मागितली. त्यानं दिली, पेटवूनही दिली. तेव्हा मग म्हणाला, "टेप तुम्हीच धरा. पण उचलून. ओळंबा माझा." असं म्हणून तो उठला आणि माणसांना पहारी काढायला सांगितल्या.

तो सव्वा महिना सुखाचा गेला म्हटलं तर तुम्ही हसाल. उन्हानं अंगाची सालटं निघाली. पण मला वीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं ते या माणसानं शिकवलं. लांब माप एका दमात घ्यायचं नाही, टेपला झोळ पडतो. पाच-पाच फुटांच्या पायऱ्या करत उतरायचं. टेप आडवी, ओळंबा, खुंटी, परत टेप आडवी. त्याचा बाप असंच उतरायचा म्हणे. मी त्याला माझं पाण्याच्या नळीचं कसब दाखवलं. तो म्हणाला, हे त्याला येतं.

चुकीचे ठोकळे आम्ही फोडून काढले. खालच्या ओळीतला एक तेवढा राहू दिला, बोल्टांची टोकं कापून. तो पाषाणात इतका घट्ट होता की फुटेना, असं मी सगळ्यांना सांगतो. तो मुरुगेसनचा डबा खायचा दगड झाला.

बीम परत चढवले तेव्हा भोकाला भोक लागलं आणि बोल्ट बोटानं ढकलून आत गेले. हातोडा लागला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठा आनंद नाही. तो शब्दांत सांगता येत नाही, बोल्ट ढकलणाऱ्यालाच कळतो.

गृहप्रवेशाला आम्हा दोघांना बोलावणं होतं. मी धोतर-अंगवस्त्रात. मुरुगेसनचा सदरा इतका कडक होता की त्याला मान वळवता येत नव्हती. आत चुलीवर दूध ठेवलेलं, भटजी बसलेले. कमलाबाईंची गाडी वरच्या रस्त्यावर थांबली. पुतण्या खुर्ची ढकलायला मागं गेला.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

पुलावर चाकं आली तसा पत्रा घुमला. त्या मधे थांबल्या, खाली उताराकडं बघितलं, मग सरळ आत. बसायची खोली, मग बोळ. मी बाहेरच्या खोलीत उभा होतो, पण माझं सगळं लक्ष त्या बोळात. टायर फरशीवर किंचित कुरकुरला. थांबला. परत कुरकुरला. मुरुगेसननं माझं मनगट धरलेलं होतं हे मला नंतर कळलं. मग खुर्ची बोळातून बाहेर आली. तोंड पुढं करून.

"कोपर लागलं नाही, मेस्त्री," एवढं म्हणून त्या आमच्या समोरून परत दाराकडं निघाल्या.

भटजी आतून ओरडले, "अम्मा, दूध उतू जातंय!"

"जाऊं द्या. त्याचसाठीं ठेवलं आहे."

पूल ओलांडून बाई रस्त्यावर. तिथं भाजीची हातगाडी उभी होती. चार वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एक वांगं निवडलेलं नव्हतं. आतलं सगळं गणगोत दारात येऊन उभं, आणि या बाई एकेक वांगं दाबून बघतायत, परत टाकतायत, गाडीवाल्याशी हुज्जत घालतायत. तो रडकुंडीला आला. सुंदरराव दारात उभे राहून उपरण्यानं चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

बाई मांडीवर पिशवी घेऊन पुलावरून परत यायला लागल्या. मी पुढं झालो, पिशवी घ्यायला हात केला.

"वांगीं माझीं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोखंड बघा."

मी बघितलं. पूल हललासुद्धा नव्हता.